अडकित्ता-मानवाची दंतकथा

१९५९ च्या जुलैत मेरी लीकी यांना ओल्डुवाईच्या घळीत एक कवटी सापडली. प्रचंड दाढा, त्यांवर जाड एनॅमल आणि माथ्यावर जबड्याचे स्नायू धरून ठेवणारा हाडाचा कंगोरा. ‘नटक्रॅकर मॅन’ हे नाव तिला चिकटले ते कायमचे. शास्त्रीय नाव आज पॅरान्थ्रोपस बोइसेई.

हत्यार पाहून त्याचा वापर ठरवला गेला, हा माझा पहिला आक्षेप. अडकित्ता सुपारीसाठी असतो हे आकार सांगेल; त्याने खरोखर काय कातरले हे पात्यावरच पाहावे लागते.

दाढेचे पाते वाचण्याची रीत १९७८ मध्ये अ‍ॅलन वॉकर आणि सहकाऱ्यांनी सेरेंगेटीतल्या हायरॅक्सच्या दोन जातींवर दाखवली. गवत खाणारीच्या दाढांवर सूक्ष्म समांतर ओरखडे होते, पाला खाणारीच्या गुळगुळीत होत्या. कठीण बिया फोडल्या की खड्डे पडतात. २००८ मध्ये पीटर उंगर प्रभृतींनी बोइसेईच्या दाढा तपासल्या, तेव्हा तसे खड्डे जवळपास नव्हतेच. पुढे २०११ मध्ये थुरे सर्लिंग यांच्या गटाने एनॅमलमधल्या कार्बनच्या समस्थानिकांवरून सांगितले की, आहाराचा सुमारे ७७ टक्के भाग उष्ण प्रदेशातल्या गवत-लव्हाळ्यांच्या गटातून आला. (आपली ज्वारी-बाजरीही त्याच गटातली.)

मग ‘अडकित्ता’ गेला आणि ‘गाय’ आली! ही घाई मला पटत नाही. सूक्ष्म ओरखडे काही दिवसांत-आठवड्यांत पुसले जाऊन नवे उमटतात. म्हणजे दाढ सांगते ती शेवटच्या काही जेवणांची हकीकत. दुष्काळातल्या दोन महिन्यांत प्राण्याने काय फोडले, ते त्यात नसेलही. समस्थानिकांची नोंद दात घडतानाची, बालपणातली. तीही पान, बी की कंद हे सांगत नाही. शिवाय २०१३ मध्ये पीटर लुकास यांच्या गटाने दाखवले की गवतातले सिलिकाचे कण एनॅमल खरवडून काढत नाहीत, गारगोटीची धूळ काढते. तेव्हा ओरखडा अन्नाचा की वाऱ्याचा?

दोन साक्षीदार वेगवेगळ्या काळाबद्दल बोलतात, तरी कठीण फळे हा मुख्य आहार नव्हता यावर त्यांचे एकमत आहे. एवढे मी मान्य करतो, त्यापुढचे नाही. दक्षिण आफ्रिकेतला त्याचा भाऊबंद, पॅरान्थ्रोपस रोबस्टस, जबड्याने तसाच दणकट. त्याच्या दाढांवर मात्र खड्डे आहेत.