बोली आली, वागणं राहिलं

'टिंग्या' (२००८), 'गाभ्रीचा पाऊस' (२००९), 'देऊळ' (२०११), 'फँड्री' (२०१३) आणि 'सैराट' (२०१६) या चित्रपटांनी मराठी पडद्यावर गाव परत आणलं, असं आपण सर्रास म्हणतो आणि ते खोटं नाही. पण त्यांच्या मागून लिहायला लागलेल्या अनेकांनी यातून एकच धडा उचलला: पात्रांना त्यांच्या बोलीत बोलतं करायचं. त्यामुळे वाशिम, रिसोड किंवा कारंज्याची गोष्ट सांगायची म्हणजे 'मले', 'तुले' आणि 'काहून' पेरायचं, धोतर-बंडी घालायची, मागे कपाशीचं शेत ठेवायचं, असा समज रुजला. गोष्ट मात्र पुण्या-मुंबईच्या मालिकांतून आलेली असते: तोच गैरसमज, तोच खलनायक पाटील, तोच शेवटचा पाऊस. वऱ्हाडी बोली 'चला हवा येऊ द्या'मधून, भारत गणेशपुरे यांच्यामुळे, घरोघरी पोचली हे चांगलंच झालं. पण ती पोचली हशाच्या वाटेने, आणि गंभीर पटकथेतही ती बहुतेक वेळा रंगकामासारखीच वापरली जाते. आजच्या ग्रामीण पटकथेचं दुखणं भाषेत नाही, वागण्यात आहे, असं मला म्हणायचं आहे.

या दुखण्याचं निदान करायला लागणारी परिभाषा वाशिमशीच जोडलेली आहे, हा योगायोग गमतीचा आहे. वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या शाखेतल्या सर्वसेन राजाने 'हरिविजय' नावाचं प्राकृत काव्य लिहिलं होतं. ते आज उपलब्ध नाही. पुढे दहाव्या शतकाच्या सुमारास राजशेखराने 'काव्यमीमांसे'त एक कथा रचली. रुसून निघालेल्या काव्यपुरुषामागे साहित्यविद्यावधू देशोदेशी फिरते आणि अखेर विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात त्यांचं लग्न लागतं. या कथेच्या ओघात तो तीन गोष्टी वेगळ्या काढतो: वेषाची मांडणी म्हणजे प्रवृत्ती, विलासाची मांडणी म्हणजे वृत्ती आणि वचनाची मांडणी म्हणजे रीती. विलास म्हणताना त्याच्या मनात नृत्य-गीतातले हावभाव आहेत. मी तो शब्द थोडा ताणून माणसाच्या एकूण वागण्यापर्यंत नेतो आहे, हे कबूल. पण विभागणी कामाची आहे. आपल्या पटकथांनी गावाची प्रवृत्ती घेतली, रीती घेतली, आणि वृत्ती तिथेच सोडून दिली.

ती कशी घ्यावी हे पाहायचं तर सतीश मनवर यांचा 'गाभ्रीचा पाऊस' पुन्हा बघावा. २००६ मध्ये शेतकऱ्यांसाठीचं पंतप्रधानांचं पॅकेज ज्या सहा जिल्ह्यांना मिळालं त्यात वाशिमही होता, आणि त्या काळात विदर्भातला शेतकरी म्हणजे बातमीतला आकडा झाला होता. या विषयावर रडकी पटकथा लिहिणं अगदी सोपं होतं. मनवर यांनी काय केलं? शेजारच्या शेतकऱ्याने आत्महत्या केली म्हणून किसनाची बायको अलका धास्तावते, आणि आपल्या नवऱ्याच्या मनातही तेच असेल या भीतीने पोराला आणि सासूला त्याच्या पाळतीवर ठेवते. एवढीच युक्ती. पण तिच्यामुळे प्रत्येक साध्या गोष्टीला ताण येतो. किसना एकटा शेतात निघाला, उशिरापर्यंत परतला नाही, काही न बोलता उठून गेला, की घरातलं माणूस त्याच्या मागे. प्रेक्षक हसतो आणि हसताना त्याला धाकधूक होते. कर्ज, नापिकी, सरकार यांवर भाषण करायची पात्रांना गरजच उरत नाही, कारण विषय कृतीत उतरलेला आहे. 'फँड्री'त नागराज मंजुळे यांनी हेच आणखी कमी शब्दांत केलं. डुकराचा पाठलाग ऐन भरात असताना शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं, जब्याचं कुटुंब जागीच उभं राहतं आणि डुक्कर निसटतं. तिथे एकही संवाद नाही. तरी जात, देश, शाळा आणि पोट हे सगळं एका थबकण्यात येतं. हा प्रसंग कुठल्याही बोलीत 'अनुवादित' झाला असता, आणि तीच त्याची ताकद आहे.

यावर कोणी 'सामना' (१९७४) पुढे करील, आणि करायलाच हवा. विजय तेंडुलकरांची ती पटकथा जवळजवळ संवादांवर उभी आहे. हिंदुराव झालेले निळू फुले आणि मास्तर झालेले श्रीराम लागू समोरासमोर बसतात आणि सिनेमा बोलण्यातून चालतो. मग संवादाला दुय्यम कसं म्हणायचं? आक्षेप रास्त आहे, पण 'सामना'तलं बोलणं नीट ऐकलं तर ते माहिती देत नाही, काम करतं. मारुती कांबळेबद्दलचा प्रश्न मास्तर पुन्हा पुन्हा विचारतो तेव्हा तो प्रश्न म्हणजे खोदकाम असतं. प्रत्येक वेळी हिंदुरावाच्या पायाखालची थोडी माती सरकते. संवादाने समोरच्याची स्थिती बदलली तर तो वृत्तीचाच भाग. आपल्या सध्याच्या वऱ्हाडी पटकथांत पात्रं एकमेकांना आधीच माहीत असलेल्या गोष्टी सांगत बसतात, फक्त 'ले' लावून.

वाशिमच्या लेखकाला कृतींचा तुटवडा नाही. सोयाबीनच्या हंगामातला बाजार समितीचा ओटा घ्या. पोतं उघडलेलं, हर्रास सुरू. व्यापारी हात कोपरापर्यंत आत घालतो, तळातला मूठभर माल वर काढतो, फुंकर मारतो, एक दाणा दाताखाली फोडतो. आवाजावरून त्याला ओलावा कळतो, निदान त्याचा आव तरी तसा असतो. शेतकरी त्याच्या तोंडाकडे बघत नाही, हाताकडे बघतो. दाणे परत पोत्यात पडतात की ओट्यावर सांडतात, यावरून भाव कळायच्या आधीच त्याला भाव कळतो. अडत्या दोघांचाही माणूस. आता यात एक आकडा टाका. २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, पण सरकारी खरेदीत ओलाव्याची अट १२ टक्क्यांची. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने ती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली. म्हणजे ज्याने ऑक्टोबरात गरजेपोटी विकलं तो आणि ज्याला थांबणं परवडलं तो, यांच्यात नुसती तीन टक्के पाण्याची भिंत. दोघे सख्खे भाऊ असतील तर? इथे खलनायक लागत नाही. कोणाला काय हवं आहे, किती वाजेपर्यंत हवं आहे आणि कोणाच्या हातात आहे, एवढं लेखकाने ठरवलं की प्रसंग आपल्या पायावर चालू लागतो.

दुसरा आक्षेप रचनेचा. सिड फील्ड यांचं 'स्क्रीनप्ले' हे पुस्तक १९७९ मध्ये आलं आणि तीन अंकांचा त्यांचा आराखडा आज जगभरच्या कार्यशाळांतून घोटवला जातो. कोरडवाहू माणसाचं आयुष्य त्यात बसत नाही, म्हणून तो शिकूच नये, असं काही जण आवेशाने सांगतात. मला हा आवेश पटत नाही. 'गाभ्रीचा पाऊस'लाही पेरणीपासून पुढे सरकणारा भक्कम सांगाडा आहे; फक्त तो हंगामाने दिलेला आहे. आराखडा शिकावा आणि वळणं मात्र आपल्या पंचांगातून काढावीत: दुबार पेरणी, पीककर्जाचं नूतनीकरण, पोहरादेवीची यात्रा, ऊसतोडीला गेलेल्यांचं परतणं. मुंबईच्या निर्मात्याला हे कळणार नाही, अशीही भीती दाखवतात. बोली त्याला कदाचित अडेल. नवऱ्याच्या मागे पोराला धाडणारी बाई अडणार नाही.

राहिला चोरीचा धसका. नवोदितांचा निम्मा वेळ 'आपली कल्पना कोणी पळवली तर' यात जातो. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे पटकथेची नोंदणी करता येते, ती जरूर करावी. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने चित्रपटातल्या साहित्यकृतीच्या लेखकाला, चित्रपटगृहातल्या खेळांव्यतिरिक्त होणाऱ्या वापरासाठी, रॉयल्टीचा सोडून न देता येणारा हक्क दिला आहे. करारावर सही करण्याआधी तो वाचावा. पण आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच सांगून ठेवलं आहे की विषय, कल्पना, कथाबीज यांवर कोणाची मालकी नसते. मालकी असते ती मांडणीवर. त्या खटल्यात नाटककार हरला. या निकालाकडे धोक्याची सूचना म्हणून बघितलं जातं. मला तो पटकथेवरचा नेमका अभिप्राय वाटतो. शेतकऱ्याची आत्महत्या हा विषय कोणाचाच नव्हता, कोणीही तो उचलावा. किसनाच्या मागोमाग बांधावरून चालणारा तो पोरगा मात्र मनवर यांचा आहे.