रिकामी यादी म्हणजे काय?

ऑनलाइन अर्जात जिल्हा, तालुका, गाव अशा एकाखाली एक तीन याद्या असतात. जालना निवडावा, मग परतूर निवडावा आणि आष्टी, वाटूर, सातोना ही नावे समोर यावीत, एवढीच आपली अपेक्षा. पण कित्येकदा गावांची यादी कोरीच उघडते. अर्ज भरणाऱ्या मुलाला वाटते, आपल्या गावाची नोंदच नाही! दोष बहुधा यादी भरण्याच्या पद्धतीत असतो.

सगळी गावे पानातच का लिहून ठेवत नाहीत? महाराष्ट्रात चाळीस हजारांहून अधिक गावे आहेत. यूटीएफ-८ या प्रचलित संकेतपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. नाव व क्रमांक मिळून गावामागे ४० बाइट धरले, तर सर्व गावांना सुमारे १६ लाख बाइट लागतील; शंभर गावांच्या तालुक्याला ४ हजार पुरतात. शिवाय याद्या बदलत राहतात. परतूर तालुका १९८१ पर्यंत परभणी जिल्ह्यात होता. २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला, २०२३ मध्ये औरंगाबाद आणि उस्मानाबाद यांची नावे बदलली. पानात लिहून ठेवलेली यादी अशा वेळी शिळी होते. म्हणून पान तालुक्याचा क्रमांक सर्व्हरला कळवते आणि तेवढीच यादी मागवते. या देवघेवीच्या ठरलेल्या रीतीला वेब एपीआय म्हणतात. इथवर रचना योग्यच आहे.

क्रमांक कशाला, नाव का नको? आष्टी हे गाव परतूर तालुक्यात आहे. आष्टी नावाचा तालुका बीड जिल्ह्यात आहे आणि वर्धा जिल्ह्यातही आहे. माणसाला नाव दाखवावे, नोंद मात्र क्रमांकाची करावी. शिक्षकांना हे नवीन नाही. शाळेच्या ११ अंकी यू-डायस क्रमांकात पहिले दोन अंक राज्याचे, पुढचे दोन जिल्ह्याचे. जालन्यातील शाळांचा क्रमांक २७१८ ने सुरू होतो.

खरी गफलत पुढे होते. जावास्क्रिप्टमध्ये यादी मागवणारी ‘फेच’ नावाची सोय आहे. संपर्कच झाला नाही तर ती चूक कळवते. पण सर्व्हरने ‘५००’, म्हणजे ‘माझ्यात बिघाड आहे’, असे उत्तर दिले तरी फेचच्या लेखी उत्तर मिळालेले असते! ते उत्तर बरे की वाईट, हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानेच तपासायचे असते. पुष्कळ जण तपासत नाहीत. काही जण चूक पकडतात आणि मुकाट्याने कोरी यादी दाखवतात. ‘यादी येत आहे’, ‘यादी आली नाही’ आणि ‘यादीत काही नाही’ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तिन्हींना एकच कोरा चौकोन देणे ही माझ्या मते निव्वळ आळशी रचना आहे. ‘यादी आली नाही, पुन्हा मागवा’ असे एक बटण ठेवायला कितीसे कष्ट पडतात?

याहून फसवी चूक म्हणजे उशिरा आलेले उत्तर. समजा, हात चुकून मंठा निवडला गेला आणि लगेच परतूर केला. दोन मागण्या गेल्या. परतूरची गावे आधी आली, मंठ्याची रेंगाळत मागून आली आणि त्यांनी आधीची यादी पुसली. आता वर परतूर, खाली मंठ्याची गावे! कोऱ्या यादीने अर्ज निदान अडतो. इथे तो चुकीचा भरला जातो आणि कोणाला पत्ताही लागत नाही. उपाय साधा आहे: तालुका बदलताच जुनी यादी पुसावी, जुनी मागणी रद्द करावी आणि आलेले उत्तर सध्याच्या तालुक्याचेच आहे ना, हे पाहूनच ते दाखवावे.

वरच्या वर्गांत हे करून पाहता येईल. संगणकावर क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये असा अर्ज उघडून एफ-१२ ही कळ दाबा आणि ‘नेटवर्क’ हा भाग निवडा. तेथे जोडणीचा वेग मुद्दाम कमी करता येतो, जोडणी तोडताही येते. मग तालुके भराभर बदला. अर्ज मात्र सादर करू नका.