हिरड्यांच्या अतिवाढीवरील शस्त्रक्रिया : तुलनेच्या निकषांची चिकित्सा

हिरड्यांची अतिवाढ काढून टाकण्यासाठी स्कॅल्पेल, इलेक्ट्रोसर्जरी, डायोड लेसर आणि फ्लॅप शस्त्रक्रिया या पद्धती प्रामुख्याने वापरल्या जातात. अमरावती व अकोला या दोन्ही ठिकाणी दंत महाविद्यालये असल्याने हा प्रश्न वऱ्हाडातील अध्यापन व संशोधनाशीही निगडित आहे. या पद्धतींची तुलना करताना कोणते निकष लावले जातात आणि कोणते सुटून जातात, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

तुलनात्मक अभ्यासांत सामान्यतः रक्तस्राव, लागणारा वेळ, वेदना व जखम भरणे हे घटक मोजले जातात. लेसरमुळे रक्तस्राव कमी होतो व शस्त्रक्रियेची जागा स्पष्ट दिसते. स्कॅल्पेलने रक्तस्राव अधिक होतो. मात्र उष्णतेची इजा होत नाही आणि साधनाचा खर्च अल्प असतो. इलेक्ट्रोसर्जरीत हाडाला स्पर्श झाल्यास गंभीर हानी संभवते. अतिवाढ अनेक दातांभोवती असेल किंवा हाडातही दोष असेल, तर फ्लॅप अधिक योग्य ठरतो.

काही अभ्यासांत एकाच रुग्णाच्या तोंडाची एक बाजू स्कॅल्पेलने, तर दुसरी लेसरने हाताळतात. यामुळे व्यक्तिभेदाची अडचण दूर होते. परंतु कोणत्या बाजूस यंत्र वापरले हे रुग्णाला सहज कळते. साहजिकच ‘कमी दुखले’ या उत्तरात यंत्राविषयीची अपेक्षाही मिसळलेली असू शकते.

याहून महत्त्वाचा निकष पुनरुद्भवाचा आहे. फेनिटॉइन हे अपस्मारावरील औषध 1938 मध्ये वापरात आले आणि 1939 मध्येच त्यामुळे होणाऱ्या हिरड्यांच्या अतिवाढीची नोंद झाली. सायक्लोस्पोरिन, निफेडिपीन, अॅम्लोडिपीन यांमुळेही ती होऊ शकते. औषध चालू राहिले आणि दातांवरील जंतूंचा थर हटला नाही, तर कोणत्याही साधनाने कापलेली हिरडी पुन्हा वाढू शकते. औषध परस्पर बंद करणे धोक्याचे असल्याने मूळ आजारावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी विचारविनिमय आवश्यक ठरतो.

येथे स्थानिक वास्तव लक्षात घ्यावे लागते. धारणी किंवा दर्यापूरहून येणाऱ्या शेतमजुराची प्रत्येक फेरी म्हणजे एका दिवसाची बुडालेली मजुरी होय. कापूस वेचणीच्या दिवसांत ती फेरी टळण्याचीच शक्यता अधिक. जो रुग्ण पुन्हा येत नाही, तो अभ्यासातूनही गळतो. त्याची हिरडी पुन्हा वाढली असली तरी तक्त्यात तिची नोंद होत नाही आणि निष्कर्ष प्रत्यक्षाहून उजळ दिसू लागतो.

लेसरची उपयुक्तता नाकारण्याचा येथे हेतू नाही. शस्त्रक्रियेच्या दिवसापुरते त्याचे फायदे खरेच आहेत. तथापि अतिवाढीचे कारण, दीर्घकालीन पाठपुरावा, एकूण खर्च आणि गळालेल्या रुग्णांची संख्या यांची नोंद केल्याशिवाय एखाद्या पद्धतीस श्रेष्ठ म्हणणे म्हणजे केवळ साधनांची तुलना करणे होय. ती उपचारांची तुलना ठरत नाही.