नांदणें आणि कायद्याचीं पुस्तकें

घटस्फोटाचा कायदा सामान्य वाचकांस समजावून देणाऱ्या पुस्तिका मराठींत आतां बऱ्याच झाल्या आहेत. त्यांतील कांहीं आम्हीं अलीकडे लागोपाठ वाचल्या. कलमें बहुधा बिनचूक आहेत. पण वाचतांना एक वाचक आमच्या डोळ्यांपुढून हालेना. महाडजवळ सावित्रीच्या काठीं सव हें गांव ऊन पाण्याच्या कुंडांसाठीं प्रसिद्ध आहे. (नदीचें नांव सावित्री असावें, हा योगायोग या विषयांत जरा खुपतोच.) या मुलखांतील पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईस चाकरीला जात आले. अशा एखाद्या घरीं मागें राहिलेली, आणि पुढें नवऱ्यानें न नेलेली बाई हें पुस्तक उघडील, तर तिच्या हातीं काय लागेल?

तिच्या तोंडचे शब्द नांदणें, टाकणें आणि सोडचिठ्ठी. पुस्तकांत मात्र 'दांपत्यहक्कांचें पुनःस्थापन' असें भारदस्त प्रकरण असतें. वकिलाची 'नांदायला ये' अशी नोटीस येते ती याच हक्काच्या जोरावर, हें मात्र आम्हांस कोठें आढळलें नाहीं. मराठी वाचकाला हा हक्क परका नाहीं. 1884 सालीं दादाजी भिकाजीनें रखमाबाईंवर मुंबईच्या हायकोर्टांत जो दावा लावला, तो हाच. 1885 त न्यायमूर्ति पिन्हे यांनीं तो फेटाळला. अपिलानंतर 1887 त कोर्टानें तिला नांदायला जा, नाहीं तर तुरुंगांत जा, असें बजावलें. तिनें तुरुंग पसंत केला. शेवटीं 1888 त 2000 रुपयांवर तडजोड झाली, आणि रखमाबाई पुढें विलायतेहून डॉक्टर होऊन आल्या.

आज या हुकुमापायीं कोणी तुरुंगांत जात नाहीं. परंतु हिंदु विवाह कायद्याचें कलम 9 जिवंत आहे. हुकूम होऊनही वर्षभर सहवास झाला नाहीं, तर दोघांपैकीं कोणासही घटस्फोट मागतां येतो. म्हणजे नांदायला बोलावणारा कागद कित्येकदां काडीमोडीची पहिली पायरी असतो, किंवा पोटगी चुकविण्याची तजवीज. न जाण्यास सबळ कारण असेल, तर केवळ असल्या हुकुमामुळें पोटगी बुडत नाहीं, असें सुप्रीम कोर्टानें जानेवारी 2025 त स्पष्ट केलें आहे. एवढें एक वाक्य त्या बाईच्या दृष्टीनें साऱ्या प्रकरणाच्या मोलाचें होतें!

परस्परसंमतीच्या घटस्फोटावरील प्रकरणें मात्र खरोखर चांगलीं उतरलीं आहेत. अर्जापूर्वीं एक वर्ष वेगळें राहणें, मग सहा महिन्यांची थांब, आणि ती थांब कोर्टाला माफ करतां येते हा 2017 चा निवाडा, हें सारें स्वच्छ सांगितलें आहे. पण संमति देण्याजोगी ज्याची परिस्थिति आहे, त्याला मार्गदर्शकाची गरज त्या मानानें कमीच.

सोडचिठ्ठीविषयीं लेखक गप्प कां, हें आम्हांस उमगत नाहीं. स्टँपकागदावर सह्या, नोटरीचा शिक्का, चार पंचांच्या साक्षी, आणि लग्न मोडलें अशी समजूत! जातीची तशी रूढि कोर्टांत सिद्ध करतां आली तरच तो कागद टिकतो. एरवीं पहिलें लग्न कायम राहतें आणि दुसरें रद्दबातल ठरतें. त्यांत दुसरी बायको व तिचीं मुलें नाहक भरडलीं जातात. कायद्यानें मुलें औरस मानलीं, तरी त्या बाईला पत्नीचा दर्जा मिळत नाहीं.

खर्चाचा विषयही एका तळटीपेंत उरकला आहे. 1987 च्या कायद्याप्रमाणें स्त्रीला, तिचें उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चानें वकील मिळूं शकतो आणि त्यासाठीं तालुक्यालाच विधि सेवा समिति असते, हें पहिल्या पानावर ठळक छापावयास हवें होतें. 2003 पासून बायकोला ती राहते त्या भागांतील कोर्टांत घटस्फोटाचा अर्ज करतां येतो. पोटगीसाठींही मुंबई गांठावी लागत नाहीं. पुढील आवृत्तींत नमुन्याच्या अर्जावरील पुण्याचा पत्ता काढून तेथें सव, तालुका महाड, असें घालावें.