पाइप आला, पाण्याची हमी कुठं आहे?

(धाराशिव इथल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मागं बसलेल्यांना ऐकू येतंय ना? बरं.

पाण्यावर बोलायचं म्हटलं की आपल्याकडे दोनच विषय निघतात, पाऊस आणि भ्रष्टाचार. पाऊस आपल्या हातात नाही आणि भ्रष्टाचार सिद्ध करणं सोपं नाही. म्हणून मी आज तिसऱ्या गोष्टीवर बोलणार आहे, ती म्हणजे कंत्राटाचा कागद. माझं म्हणणं एवढंच, की या सगळ्या व्यवहारात एकही माणूस लबाड नसला, तरी आपली कंत्राटं ज्या पद्धतीनं लिहिली जातात त्यातून पाइप नक्की मिळतो, पाण्याची हमी मात्र मिळत नाही.

आपलंच उदाहरण घेऊ. धाराशिव शहराला उजनीचं पाणी येतं. धरण भीमेवर, सोलापूर जिल्ह्यात, इथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आसपास. २०१२-१३ च्या दुष्काळात हे पाणी किती गरजेचं होतं, हे इथं बसलेल्यांना सांगायला नको. पण अंतर ही अर्धीच अडचण. उजनी काठोकाठ भरलं तरी पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून ४९७ मीटरच्या आतच राहते. आपण बालाघाटावर, साधारण ६५० मीटरवर. म्हणजे पाणी दीडशे मीटर वर चढवायचं.

आता जरा हिशोब करू. दहा लाख लिटर पाणी दीडशे मीटर उचलायला निव्वळ ४०० युनिटच्या वर वीज लागते. पंप आणि मोटर मिळून कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ५८० च्या पुढे. पाइपातलं घर्षण अजून धरलेलंच नाही. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या एक लाख दहा हजारांच्या पुढे होती. माणशी १३५ लिटर द्यायचे, तर रोज दीड कोटी लिटरच्या आसपास पाणी लागेल. म्हणजे फक्त चढ चढायला रोज साडेआठ हजारांहून जास्त युनिट! हे बिल दर महिन्याला, योजना चालू असेपर्यंत भरायचं.

आता अशा योजनेची निविदा उघडून बघा. पाइपाचा व्यास सापडेल, जाडी सापडेल, किती दाबावर चाचणी घ्यायची तेही सापडेल. पण दहा लाख लिटरमागं अमुक युनिटच्या वर वीज गेली तर फरक कोण भरणार, हा प्रश्न तिथं सहसा विचारलेलाच नसतो. काम उरकून ठेकेदार जातो आणि वीजबिल नगरपालिकेच्या दारात येतं.

असं का होतं? कारण कंत्राटाचा साचा. आपल्याकडे सरकारी कामांचे जुने नमुने आहेत. बी-१ म्हणजे खात्यानं ठरवलेल्या दरांवर इतके टक्के जास्त किंवा कमी. बी-२ म्हणजे बाबनिहाय दर. आणि सी म्हणजे एकरकमी. बी-१ मधलं ३८ वं कलम ठेकेदारांना तोंडपाठ असतं. एखाद्या बाबीचं परिमाण निविदेपेक्षा २५ टक्क्यांहून जास्त वाढलं, की वरच्या कामाचा दर वेगळा. चुकीचं काही नाही त्यात. खोदताना खडक किती लागेल हे आधी कुणाला कळतं? पण लक्षात घ्या, यात मोजमाप कशाचं होतं? खोदाईचं, काँक्रीटचं, पाइपाच्या मीटरचं. रस्ते आणि इमारती बांधायला हा साचा चालतो. रस्ता झाला की झाला. पाणी योजना मात्र पाइप जोडल्यावर सुरू होते, आणि बिल तिथंच संपत आलेलं असतं. पाइप साइटवर उतरला की पैशाचा मोठा हिस्सा मोकळा होतो. मग रस्त्याच्या कडेला पाइपांचे ढीग आधी दिसतात आणि पंपाची वीजजोडणी शेवटी, यात नवल काय?

भुयारी गटाराचंही तेच. नळानं आलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन परत येतं, असं केंद्राच्या मार्गदर्शिकेतच धरलेलं आहे. त्याच मार्गदर्शिकेत भुयारी गटार नसलेल्या गावाला माणशी ७० लिटर आणि असलेल्या गावाला १३५ लिटर. म्हणजे दोन्ही योजना एकमेकींच्या आधारानं उभ्या राहतात. आपण मात्र निविदा वेगळ्या काढतो. नळाला दिवसाआड सुद्धा पाणी नसेल तर गटारात प्रवाह कशाचा राहणार? गाळ बसतो, चेंबर तुंबतं, आणि तोच रस्ता दुसऱ्यांदा खोदला जातो.

यावर काहीजण म्हणतात, सगळं कंपनीच्या ताब्यात देऊन टाका. तेही करून झालंय. लातूर, जो १९८२ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होता, तिथं २००८ मध्ये पाणीव्यवस्था दहा वर्षांच्या करारानं खाजगी कंपनीकडे गेली. छत्रपती संभाजीनगरला समांतर जलवाहिनीचं काम अशाच करारानं दिलं, २०१४ मध्ये कंपनीनं ताबा घेतला आणि २०१६ मध्ये महापालिकेनं करार रद्द केला. दोन्हीकडे नागरिकांचा आक्षेप सारखाच होता. पाणी वाढायच्या आधी खर्च आमच्या अंगावर आला. लातूरला तर २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्याला दुष्काळ कारण होता, करार नव्हे. पण उद्भवातच पाणी नसलं तर काय, याचं उत्तर करारातून मिळत नाही, हे त्यातून दिसलं.

ठेकेदाराची बाजूही ऐकली पाहिजे. बिलं थकतात, रेल्वे, महामार्ग, वनखातं, महावितरण यांच्या परवानग्या अडकतात आणि दंड मात्र त्याला. खरं आहे ते. म्हणून मी शिक्षा वाढवा म्हणत नाही. मी म्हणतो, पैसे कशाबद्दल द्यायचे ते बदला. अमृत २.० मध्ये केंद्राचा निधी २०, ४०, ४० अशा हप्त्यांत येतो, एकदम नाही. तसाच बिलाचा भरीव हिस्सा मागं ठेवा. दोन उन्हाळे ठरलेल्या टाकीत ठरलेलं पाणी, ठरलेल्या युनिटमध्ये पोचलं, की तो द्या. आणि ही रक्कम नगरपालिकेला दुसरीकडे वळवता येणार नाही अशा वेगळ्या खात्यात ठेवा, म्हणजे ठेकेदारालाही भरवसा राहील.

आपल्या जिल्ह्यात आठ नगरपरिषदा आणि दोन नगरपंचायती आहेत. पुढची योजना यांपैकी कुणाची तरी असेल. माहिती अधिकार कायद्याचं चौथं कलम सांगतं, की अशी माहिती कुणी मागायच्या आधीच जाहीर करायची. तेव्हा भूमिपूजनाला जरूर जा, पण नारळ फुटायच्या आधी मुख्याधिकाऱ्यांना तीन गोष्टी विचारा. बिलाचा तक्ता मराठीत कुठं लावलाय? वीजबिल कोण भरणार? आणि ‘काम पूर्ण’ म्हणजे नेमकं काय झाल्यावर म्हणायचं?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नळाला पाणी आल्यावर’ असं मिळालं, तर तेवढं कागदावर लिहून मागा.