ग्रॅममागे किती मिलिग्रॅम?

पाण्यातलं आर्सेनिक काढणाऱ्या नॅनोपदार्थांवरचा एखादा शोधनिबंध उघडलात, तर बहुतेक वेळा सारांशातच एक आकडा डोळ्यांत भरेल: एक ग्रॅम पदार्थ जास्तीत जास्त इतके मिलिग्रॅम आर्सेनिक धरून ठेवतो. आकडा खोटा नसतो. पण बऱ्याचदा तो मिळतो लिटरमागे कित्येक मिलिग्रॅम आर्सेनिक मुद्दाम घातलेल्या शुद्ध पाण्यात. बांगलादेशातल्या ट्यूबवेलांची गोष्ट मायक्रोग्रॅममधली आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम.

हिशेबच करून बघा ना. लँगम्युअरच्या समीकरणात दोन संख्या येतात, कमाल क्षमता आणि ओढ. समजा, पहिल्या पदार्थाची क्षमता ग्रॅमला 200 मिलिग्रॅम आणि ओढ मिलिग्रॅममागे 0.05 लिटर, दुसऱ्याची क्षमता 20, ओढ 5. पाण्यात 10 मायक्रोग्रॅम आर्सेनिक उरलेलं असताना पहिल्याच्या एका ग्रॅमवर जेमतेम 0.1 मिलिग्रॅम बसलेलं असतं, दुसऱ्यावर 0.95. म्हणजे कागदावर दहापट सरस असलेला पदार्थ पिण्याच्या पाण्यात नऊपट कमी कामाचा! मिरवतो मात्र पहिलाच.

म्हणून राइस विद्यापीठातल्या गटाचा 2006 चा 'सायन्स'मधला मॅग्नेटाइटवरचा निबंध मला वेगळा वाटतो. कण बारीक केले की पृष्ठभाग वाढतो, हे सगळेच सांगतात. तेच कण पाण्यातून परत काढायचे कसे, हा प्रश्न यांनी विचारला आणि 12 नॅनोमीटरचे कण साध्या, कमी ताकदीच्या चुंबकाने ओढून दाखवले. तरी माझी तक्रार आहेच. विहिरीच्या पाण्यात फॉस्फेट आणि सिलिकेटही असतात, आणि लोहाच्या ऑक्साइडवरच्या त्याच जागांसाठी ते आर्सेनिकशी भांडतात. या भांडणात पदार्थ किती टिकतो, ते आधी सांगा, क्षमता मग.

(पटलांवरच्या निबंधांची खोड याच जातीची. नितळ पाण्याचा प्रवाह ठळक छापायचा, गाळ साचल्यानंतरचा पुरवणीत.)

याउलट अबुल हुस्साम यांचा सोनो फिल्टर बघा. लोखंडाचा कीस, वाळू, कोळसा, विटांचे तुकडे. नॅनोचं नावही नाही. 2007 साली त्याला दहा लाख डॉलरचं ग्रेंजर पारितोषिक मिळालं. तो खऱ्या ट्यूबवेलच्या पाण्यावर, लोकांच्या घरात चालवून पाहिलेला होता. तुमच्या हातातल्या निबंधात पाणी कुठल्या विहिरीचं होतं, ते शोधा. आणि आर्सेनिकने भरलेली पूड शेवटी कुठे टाकली, तेही.