मधुमेह-शिक्षणाचे प्रमाणीकरण : निकषांची चिकित्सा

मधुमेहात उपचाराचा मोठा भाग रुग्णालाच दररोज पार पाडावा लागतो. म्हणूनच रुग्णशिक्षणाच्या दर्जाचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेने २००३ मध्ये मधुमेहींसाठी संरचित शिक्षणाची शिफारस केली. लिखित अभ्यासक्रम, प्रशिक्षित शिक्षक, गुणवत्तेची हमी आणि नियमित परीक्षण हे त्याचे प्रमुख निकष पुढे रूढ झाले. यांतील बहुतेक निकष शिक्षण कसे दिले जाते हे तपासतात; रुग्णात काय बदलले हे केवळ परीक्षणातून कळू शकते.

ही मर्यादा ‘डेस्मंड’ या सहा तासांच्या कार्यक्रमाच्या संदर्भात स्पष्ट होते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ८२४ रुग्णांच्या चाचणीत वर्षअखेर वजन, धूम्रपान व आजाराविषयीची समज यांत सुधारणा आढळली. परंतु दीर्घकालीन रक्तशर्करेत लक्षणीय फरक दिसला नाही. यावरून प्रमाणीकरण निरर्थक ठरत नाही. त्याविना अप्रशिक्षित व्यक्तीच्या सल्ल्यापासून रुग्णाला संरक्षण उरत नाही. मात्र प्रमाणपत्र ही अध्यापनाची हमी आहे, आरोग्याची नव्हे. म्हणून नूतनीकरणाच्या वेळी रुग्णांवरील दीर्घकालीन परिणाम आणि वर्गाकडे न फिरकलेल्यांची संख्या यांची नोंद अनिवार्य असणे आवश्यक आहे.